कर इथे, मत कुठे?

आधी पैशाचं सांगते, कारण मी जर्मन नागरिकत्व घेणार म्हटल्यावर घरच्यांनी आधी तेच विचारलं. "मग आता पगार वाढणार का?" हा काकांचा प्रश्न. नाही, एका सेंटनेही नाही. कर तेवढाच, विमा तेवढाच, पेन्शनची वर्गणी तेवढीच. पगाराच्या कागदाला माणसाचा पासपोर्ट कुठला याच्याशी देणंघेणं नसतं, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

मी २०१५ साली पुण्याहून इकडे आले. गाड्यांच्या धंद्यातल्या माणसांना पुणे-स्टुटगार्ट हा रस्ता नवा नाही. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पण इथल्या गणपतीत कानावर पडते ती मराठी बहुतेक पिंपरी-चिंचवडची, आणि अधूनमधून आमच्या सांगली-कोल्हापूरकडची. आम्ही राहतो ते गाव शहरापासून एस-बानने, म्हणजे लोकलने, अर्ध्या तासावर. नवरा, मी आणि मुलगी. नवराही माझ्यासारखाच संगणकावर मान मोडणारा, घर तासगावकडचं, द्राक्षबागायतदाराचं.

इथला पगाराचा कागद एकदा नीट वाचावा, बरंच काही कळतं. एकटा माणूस बऱ्या पगारावर असेल तर शंभरातले साधारण साठ हातात येतात. आरोग्यविमा १४.६ टक्के, वर विमावाल्यांचा जादा आकार, पेन्शन १८.६ टक्के, यातला निम्मा भाग कंपनी भरते. मग बेकारीचा विमा, म्हातारपणी शुश्रूषा लागली तर तिचा वेगळा विमा, आणि उरलेल्यावर आयकर. माझ्या विभागात एक मडगावचा मुलगा होता. नावनोंदणीच्या वेळी अर्जात धर्म विचारतात, त्याने सरळ 'कॅथलिक' लिहिलं. पगारातून चर्चचा कर कापायला सुरुवात झाली. आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात तो आयकराच्या ८ टक्के. थांबवायचा तर सरकारी कचेरीत जाऊन रीतसर चर्च सोडल्याचं लिहून द्यावं लागतं. "आईला कळलं तर घरात घेणार नाही," म्हणून अजून भरतोय. आम्ही रकाना मोकळा सोडलेले हिंदू या बाबतीत फुकटात सुटतो.

बाबा निवृत्त शिक्षक, जिल्हा परिषदेच्या शाळेतले. जुनी पेन्शन मिळणाऱ्यांपैकी. त्यांना चाळीस टक्के कापतात हे ऐकूनच घाम फुटला होता. "आणि बदल्यात काय मिळतं?" मिळतं. नवऱ्याचं अपेंडिक्स काढलं तेव्हा दवाखान्यात राहण्याचे दिवसाला १० युरो एवढंच आमच्या खिशातून गेलं. मुलीसाठी २०२५ मध्ये दर महिन्याला २५५ युरो यायचे, आमचा पगार कितीही असो. त्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे लाडकी लेक योजना आहे तर." पण सगळं गोड नाही. त्वचेच्या डॉक्टरची वेळ मागितली तर चार महिन्यांनंतरची मिळते, तोवर पुरळ आपलं आपण बरं होतं. आणि पेन्शनची चिठ्ठी! पाच वर्षं वर्गणी भरली की दरवर्षी एक पत्र येतं: आत्ताच्याच दराने भरत राहिलात तर ६७ व्या वर्षी महिना इतके इतके मिळतील. तो आकडा बघून मी ते पत्र फ्रिजवर लावलं होतं, रात्री आइसक्रीम खायची इच्छा जाते. हा पैसा माझ्या नावाने कुठे साठत नाही. आज कमावणाऱ्यांच्या वर्गणीतून आजचे म्हातारे जेवतात. म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींच्या पेन्शनमध्ये माझा रुपया आहे. या आजी पुढे येतील.

भारतात ठेवलेल्या पैशाबद्दलही थोडं सांगते, कारण नव्याने आलेल्या मराठी घरांत हे ऐकलं की चेहरे उतरतात. एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, ठेवीचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून सगळे खुशीत असतात. पण इथे राहणाऱ्याच्या जगभरातल्या मिळकतीवर जर्मनी कर लावते. माणशी १००० युरोंपर्यंत व्याज-लाभांश माफ, पुढे पाव हिस्सा सरकारचा. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण तो दोनदा कर लागू नये म्हणून. एकदाही लागू नये म्हणून नव्हे.

तर इतकं सगळं मी भरत होते, आणि ते कुठे खर्च व्हावं यात माझा शब्द शून्य होता. युरोपीय संघातल्या कुठल्याही देशाचा माणूस इथे आला की गावच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. मी तेवढंही नाही. भारतात माझं मत होतं म्हणायला होतं. २०११ पासून अनिवासी भारतीयांना मतदारयादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला स्वतः त्या केंद्रावर हजर राहावं लागतं. ७ मे २०२४ ला सांगलीत लोकसभेचं मतदान झालं तेव्हा मी इथे एका बैठकीत बसले होते. अपक्ष विशाल पाटील निवडून आले ते मला बाबांच्या फोनवरून कळलं. ते रंगवून सांगत होते, मला निम्मी नावंच माहीत नव्हती. सांगलीतल्या कुठल्या रस्त्याला खड्डे आहेत हे मला आता ठाऊक नसतं. इथल्या रस्त्यांचं असतं.

अर्ज मी २०२३ च्या शरदात केला. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे आठ वर्षांचं वास्तव्य लागायचं, ते झालं होतं. २७ जून २०२४ पासून कायदा बदलला: पाच वर्षं पुरतात आणि आधीचं नागरिकत्व सोडावं लागत नाही. माझ्या तुर्की सहकाऱ्याने पेढे वाटावेत तसा बकलावा वाटला, कारण त्याला दोन्ही पासपोर्ट ठेवता येणार होते. आमचं तसं नाही. भारताची राज्यघटना आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दोन्ही सांगतात की स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपलं. जर्मनी म्हणते ठेवा, भारत म्हणतो टाका.

कागदांची यादी लांब होती तरी चमत्कारिक नव्हती: भाड्याचा करार, पगाराचे कागद, पेन्शनच्या वर्गणीचा इतिहास, भाषेचं बी-१ प्रमाणपत्र. भाषेचा पाया पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात घातला होता, तो इथे कामी आला. घोडं अडलं जन्मदाखल्यावर. भारताने दिलेल्या अपोस्टिलला, म्हणजे कागद खरा असल्याच्या आंतरराष्ट्रीय शिक्क्याला, जर्मनी मान्यता देत नव्हती, त्यामुळे दाखला खरा आहे की नाही हे जर्मन वकिलातीमार्फत तपासून आणा म्हणाले. वकिलात त्यासाठी भारतातला वकील नेमते आणि तो प्रत्यक्ष नोंदवही बघायला जातो. माझी नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत. एका दुपारी बाबांना ग्रामसेवकाचा फोन: "सर, ताईंचं काही कोर्ट मॅटर आहे का? वकील आलेत, जन्माची वही मागतायत." बाबांनी शांतपणे सांगितलं की मुलगी जन्मली होती का एवढंच बघायचंय. वही सापडली. शेवटची काही पानं वाळवीने खाल्ली होती, माझं वर्ष वाचलं. वकिलाने पानाचा फोटो काढला, सरपंचांनी त्याला चहा पाजला, आणि पंधरवड्यात अख्ख्या गावात बातमी की मास्तरांची पोरगी तिकडे कायमची राहणार.

नागरिकत्वासाठीची परीक्षा तशी सोपी. ३१० प्रश्नांचा साठा आधीच जाहीर असतो, त्यातले ३३ येतात, १७ बरोबर आले की पास. तासाभराचा वेळ, बहुतेक जण पाव तासात उठतात. ईस्टरला लोक काय करतात, असलेही प्रश्न असतात (अंडी रंगवतात). पण साठ्यातला पहिलाच प्रश्न मला आवडला. जर्मनीत लोक सरकारविरुद्ध उघडपणे बोलू शकतात, कारण... आणि पर्याय चार: इथे धर्मस्वातंत्र्य आहे; लोक कर भरतात; लोकांना मतदानाचा हक्क आहे; इथे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. बरोबर उत्तर शेवटचं. 'लोक कर भरतात' हे चूक. ते चूक आहे हे मला पटतंच. कर न भरणाऱ्यालाही बोलता आलं पाहिजे. तरी दहा वर्षं कर भरणाऱ्या परक्या माणसाने त्या पर्यायावर क्षणभर रेंगाळावं, असाच तो लिहिलाय.

मग वाट बघणं. तीन महिने कचेरीने काहीच केलं नाही तर प्रशासकीय न्यायालयात दावा लावता येतो, आणि ओळखीतल्या काहींनी लावलाही. ज्या सरकारचं नागरिक व्हायचंय त्याच्यावरच आधी खटला, ही गंमत मला झेपली नाही, मी थांबले.

थांबले तो काळ मात्र शांत नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये पोट्सडामजवळच्या एका गुप्त बैठकीची बातमी फुटली. परदेशी मुळं असलेल्या लोकांना देशाबाहेर कसं काढता येईल यावर तिथे चर्चा झाली होती आणि एएफडी या उजव्या पक्षाची माणसं हजर होती. त्यानंतर देशभर लाखो लोक रस्त्यावर उतरले. आम्हीही मुलीला घेऊन थंडीत उभे राहिलो. बाजूला हातात पाटी धरून एक जोडपं होतं, सत्तरीचं असेल. त्यांनी आम्हाला थर्मासमधला चहा दिला. आणि त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या. आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी आली की दारावर एक पाटी अडकवतात. ती पाटी माझ्या दाराला लावता लावता म्हणाल्या की मी तर आता एएफडीलाच मत देणार, फार झाले हे परके. मी बघत राहिले. "तुमच्याबद्दल नाही हं म्हणत मी. तुम्ही काम करता, जिना स्वच्छ ठेवता." या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. उघड शिवी परवडली. माझं इथलं असणं एका म्हातारीच्या मेहरबानीवर आणि झाडूवर टिकलंय, असा त्याचा अर्थ. पासपोर्ट त्यावरचा उतारा नाही, चेहरा तोच राहतो. पण आजींच्या मताला माझं एक मत उभं करता येतं, आणि लोकशाहीत दोन्हींची किंमत सारखी.

डिसेंबर २०२४ मध्ये बोलावणं आलं. खोली साधी, खिडकीत कुंडी, टेबलावर कार्डाचं मशीन. मोठ्या माणसाच्या फीचे २५५ युरो, आईबरोबर नागरिकत्व घेणाऱ्या लहान मुलाचे ५१. एक्कावन्न! मला हसू आलं. मुलीचा आहेरच झाला म्हणायचा. कारकून बाई माझ्या हसण्याकडे बघत राहिल्या. नाझी राजवटीची आणि तिच्या परिणामांची ऐतिहासिक जबाबदारी आणि ज्यू समाजाचं रक्षण मान्य असल्याच्या कागदावर मी सही केली होती. आता उभं राहून एक वाक्य मोठ्याने वाचायचं होतं. जर्मन संघराज्याची घटना आणि कायदे यांचा मान राखीन आणि देशाला हानी पोचेल असं काही करणार नाही, अशा अर्थाचं. मुलगी मध्येच म्हणाली, "आई, तू शाळेत वाचतेस तसं वाचतेस." वाचून झालं, जाड कागदाचं प्रमाणपत्र हातात आलं, आणि त्या क्षणी मी भारतीय राहिले नाही. कुणी शिक्का मारला नाही, कुणी विचारलं नाही. शिक्का नंतर पडला, पासपोर्ट परत केल्यावर, 'रद्द' असा.

गमावलेल्याची यादी लहान आहे आणि खरी आहे. भारतात मत नाही, घटनात्मक पद नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते, म्हणजे आजोबांच्या सातबाऱ्यावर माझं नाव लागू शकतं, पण शेजारचा अर्धा एकर कुणी विकायला काढला तर मला तो घेता येणार नाही. नवऱ्याने याच कारणाने अर्ज केला नाही. त्याला कधीतरी परत जाऊन बाग लावायची आहे. मी त्याच्याशी वाद घालत नाही. दहा वर्षं झाली तरी तो इथल्या सुपरमार्केटात द्राक्षं हातात घेऊन तुच्छतेने खाली ठेवतो.

खरा चटका वेगळ्याच ठिकाणी बसला. ओसीआय कार्ड, म्हणजे आयुष्यभराची ये-जा करायची परवानगी, मिळेपर्यंत मध्ये काही काळ जातो. नेमकं तेव्हाच आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. म्हणून मी संगणकावर बसून भारताच्या व्हिसाचा अर्ज भरला. पूर्वीचं नागरिकत्व: भारत. वडिलांचं जन्मस्थान: सांगली. आजी-आजोबांपैकी कुणी पाकिस्तानचं होतं का: नाही. भेटीचा उद्देश: यादीतून निवडा. मित्र-नातेवाईकांना भेटणे. आईला भेटायला जायला मी तो पर्याय निवडला आणि पैसे भरले. बाबांना हे सांगितलंच नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पण आलीस ना? मग झालं," आणि डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली म्हणून बाटली पुढे केली.

२३ फेब्रुवारी २०२५ ला, रविवारी, मुलीच्या शाळेच्या वर्गात मी मत दिलं. इथे मतदान नेहमी रविवारीच. दोन मतं असतात: एक मतदारसंघातल्या उमेदवाराला, एक पक्षाला, आणि पक्षाच्या मतावर संसदेतला हिस्सा ठरतो. बोटाला शाई नाही. पडद्यामागे दोरीने बांधलेलं पेन, लांबलचक कागद, दोन फुल्या. बाबांना शाईचं बोट दाखवता आलं नाही म्हणून मी शाळेच्या दाराचा फोटो पाठवला. ८२.५ टक्के मतदान झालं. मेर्त्स यांचा ख्रिस्ती लोकशाहीवादी गट पहिला आला आणि एएफडी २०.८ टक्क्यांनी दुसरी. आजींनी आपला शब्द पाळला होता, मी माझा.

आणि मग पैशावरूनच माझं नव्या नागरिकाचं पहिलं भांडण झालं. सरकारने किती कर्ज काढावं याला जर्मनीने २००९ साली घटनेतच वेसण घातली. त्याच्या आदल्या वर्षी तेव्हाच्या चान्सलर मेर्केलबाई स्टुटगार्टमध्येच म्हणाल्या होत्या, की आर्थिक संकट का आलं हे एखाद्या श्वाबियन गृहिणीला विचारायला हवं होतं, ऐपतीबाहेर फार दिवस राहता येत नाही. आमचा श्वाबियन मुलूख काटकसरीसाठी प्रसिद्ध. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे इथल्या लोकांना कुणी शिकवायला नको. फक्त पाय इतके आखडले की पूल गंजले, रेल्वे रखडल्या. स्टुटगार्टचं नवं भुयारी स्टेशन २०१० पासून बांधतायत. २०१९ ला सुरू व्हायचं होतं, साडेचार अब्जांचा अंदाज अकरा अब्जांच्या वर गेलाय, आणि आम्ही अजून लांबलचक तात्पुरत्या वाटेने बॅगा ओढत फलाट गाठतो.

प्रचारात ही वेसण कायम ठेवू म्हणणाऱ्या पक्षानेच निवडणूक जिंकल्यावर ती सैल केली. संरक्षणाचा मोठा खर्च मोकळा, शिवाय रस्ते-रेल्वे-शाळांसाठी ५०० अब्ज युरोंचा कर्जाऊ निधी. पैसा हवाच होता, माझी तक्रार त्यावर नाही. पण हे मतदान १८ मार्चला झालं, जुन्या संसदेत, कारण नव्या संसदेत दोन तृतीयांश मतं जमली नसती. नवी संसद आठवड्याभरात बसणार होती. म्हणजे मी आयुष्यात पहिल्यांदा इथे निवडलेली संसद कामाला लागायच्या आत सर्वांत मोठा निर्णय होऊन गेला. कायद्यात बसतं, मनात बसत नाही.

मी आमच्या खासदाराला पत्र लिहिलं. भाषेच्या चुका नवऱ्याने काढल्या, रागाच्या मीच कमी केल्या. साधारण महिन्याने दोन पानी उत्तर आलं. माझं म्हणणं त्यांना मान्य नव्हतं, पण मुद्द्याला मुद्दा होता, खाली शाईची सही. बाबांना फोनवर वाचून दाखवलं. निर्णयाचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. "खासदाराने उत्तर दिलं? दोन पानी?" त्यांनी ते मराठीत लिहून पाठवायला सांगितलं, आणि मी पाठवल्यावर उलट फोन: "हे सगळं ठीक. पण पाचशे अब्जांचं व्याज भरणार कोण?" मी म्हटलं, मीच. "मग बरोबर आहे तुझं भांडणं," म्हणाले.

आमच्या राज्याच्या निवडणुकीची तारीख ८ मार्च २०२६. या निवडणुकीपासून सोळा वर्षांच्या मुलांनाही मत आहे, त्यामुळे समोरच्या घरातला पोरगा, जो अजून सायकलला कुलूप लावायचं विसरतो, त्याला मत आहे. दहा वर्षं पगारातून चाळीस टक्के देणाऱ्या माझ्या नवऱ्याला नाही. त्याने आपली मागणी माझ्याकडे नोंदवून ठेवली आहे: एस-बान वेळेवर आणणाऱ्या पक्षाला मत दे. असा पक्ष मतपत्रिकेवर नाही, हे त्याला सांगून झालंय.